उजेडात मिटलेलं पुस्तक

ऑफिस सुटलं की मी हज़रतगंजहून मेट्रोनं घरी जाते. बऱ्याचदा समोर बारावीतली एक मुलगी बसलेली असते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गाडी भुयारात असेपर्यंत तिची मान फिजिक्सच्या पुस्तकातून वर येत नाही. पण गाडी उजेडात आली रे आली की पुस्तक फटकन बंद! मग नुसतं खिडकीबाहेर बघत बसायचं.

आमची सईसुद्धा बारावीलाच आहे. तीही अशीच खिडकीशी बसते आणि माझं डोकं फिरतं.

परवा मला राहवलं नाही. "बेटा, इतने में थक गई?"

ती हसली. "नहीं आंटी. किताब खुली हो तो लगता है सब आता है. बंद करके देखती हूँ, कितना याद रहा."

ती पुन्हा बाहेर बघू लागली. तिचे ओठ हलतायत, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

घरी आले तर सई खिडकीत, पुस्तक मिटलेलं. "भिंतीवर टाइमटेबल कशाला लावलंय?" म्हणायला मी तोंड उघडलं.

मागे न बघताच तिनं हात वर केला. "आई, एक मिनट. अभी कुछ मत बोलना, सब भूल जाऊँगी."