फोटोसाठी शिट्टी

परवा तंजावूरला आमच्या घरी एक गृहस्थ आले, वाफेच्या इंजिनांचे शौकीन. "अक्का, त्या शिट्टीत काय गोडवा होता, नाही?" मी कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. गोडवा म्हणे!

माझे वडील, अप्पा, डोंगरातल्या मालगाडीवर ब्रेकवाले होते. त्या उतारावर इंजिनाचा ब्रेक पुरत नसे. म्हणून दर डब्यावर एक माणूस आणि त्याच्यापुढे ब्रेकचं लोखंडी चाक. शिट्टी म्हणजे हुकूम. एक वाजली की चाक आवळायचं, दोन वाजल्या की सोडायचं. क्वार्टर्समध्ये आम्ही पोरांनी खेळात शिट्टी वाजवली तरी पाठीत धपाटा बसे.

वाफेची मालगाडी बंद करायचं ठरलं. शेवटच्या फेरीला इंजिनाला केळीचे खुंट बांधले. उतारावर वळणावळणाला कॅमेरेवाले उभे. इंजिनात रेल्वेचा एक बडा साहेब. "वाजव रे, त्यांना फोटो हवाय," असं तो म्हणत होता, हे ड्रायव्हरनेच नंतर रडत सांगितलं. पहिल्या शिट्टीला सगळ्यांनी ब्रेक आवळले, गाडी अडली. साहेब चिडला. वळणावरच्या शिट्ट्या मनावर घेऊ नका, असा निरोप मागे गेला.

पुढच्या वळणावर रुळांवर दरड पडलेली. ड्रायव्हरने जीव तोडून शिट्टी दिली. फोटोची असेल म्हणून बाकीचे बसून राहिले. अप्पांनी एकट्यांनी चाक आवळलं. सगळ्या गाडीचा भार त्यांच्या डब्यावर आला, चाक उलटं फिरलं आणि उजवं मनगट मोडलं. त्यांनी डाव्या हाताने चाक धरून ठेवलं. ते पाहून बाकीच्यांनी ब्रेक लावले. गाडी दरडीच्या अलीकडे थांबली.

दरड हटवून गाडी खाली आली, तेव्हा स्टेशनात समारंभासाठी घातलेल्या मंडपात रेल्वेचे डॉक्टर हार घालून बसले होते. आई सरळ मंचावर चढली.

"बाई, भाषण संपू दे," साहेब म्हणाला.

"सार, भाषण उद्या पण करता येतंय. हात आज मोडलाय."

डॉक्टरांनी साहेबाकडे पाहिलं आणि ते बसूनच राहिले. भाषण संपेपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला होता. मनगट वाकडंच जुळलं.

पुढे चौकशीत साहेबाने सांगितलं, "ब्रेकवाल्यांनी शिट्टी नीट ऐकली नाही."

"मी ऐकली, म्हणून तर हात मोडला," अप्पा म्हणाले. कोणी दखल घेतली नाही. त्यांना पापनाशमजवळ फाटकावर टाकलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते डाव्या हाताने उघडलं नि लावलं.