अर्धी बॉबिन

सुकदेवइतका हट्टी विद्यार्थी मी दुसरा पाहिला नाही, आणि हट्टी असून इतका नम्र तर नाहीच नाही. काहीही सांगा, "हो मॅडम" म्हणणार आणि स्वतःला पटेल तेच करणार. असल्या माणसावर धड रागावताही येत नाही.

मी दिवसा शाळेत शिकवते आणि संध्याकाळी किलवणी नाक्याजवळच्या गाळ्यात कॉम्प्युटरचा क्लास घेते. येणारे बहुतेक कंपन्यांतले. सुकदेव चोपड्याकडचा, इथे सिल्वासात धाग्याच्या कंपनीत मशीनवर. बायको आणि मुलगी गुड्डी गावी. खोलीत आधी भावेश नावाचा पार्टनर होता. तो लग्न करून वापीला गेला, तेव्हापासून हा एकटाच.

प्रोग्रॅमिंग कशाला शिकायचंय, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. म्हणाला, "गुड्डी फोनवर येते, 'पप्पा जेवले का' विचारते अन् फोन मम्मीले देऊन टाकते. तिच्याकडे माह्याशी बोलायले काही नसतंच मॅडम." म्हणून तो तिच्यासाठी गेम करणार होता. एक मुलगी घरून शाळेत निघते, वाटेत चिंचा वेचते, मागे कुत्रं लागतं. होळीला गावी जाईन तेव्हा तिच्या हातात देईन, मग ती माझ्याशी बोलेल, एवढाच त्याचा हिशोब.

लॅपटॉप त्याने जुन्या बाजारातून घेतला होता. बॅटरी मेलेली, वायर लावली तरच चालणार. क्लासला तो रिकाम्या हातांनी यायचा आणि अडलेलं तोंडी विचारायचा. मी म्हणायची, अरे, लॅपटॉप आण, बघू तरी काय करतोस ते.

"तो बंद नाही करता येत मॅडम. काम अर्धं आहे."

"मग सेव्ह कर आणि बंद कर."

"हो मॅडम."

क्लासमध्ये मी दर पाच मिनिटांनी सेव्ह करा, सेव्ह करा म्हणून ओरडत असते. बाकीची पोरं माझी नक्कल करून दाखवतात. सुकदेव मात्र मान डोलवायचा आणि खोलीवर लॅपटॉप तसाच चालू ठेवून, धूळ नको म्हणून वर टॉवेल टाकून ड्युटीला जायचा.

एका संध्याकाळी तो थेट माझ्या टेबलाशी आला. "गेलं मॅडम," म्हणाला. शेजारच्या खोलीत पंखा बसवायला वायरमनने मेन स्विच पाडला होता. हा ड्युटीवर. परत येऊन पाहतो तर स्क्रीन काळी. शेजाऱ्याला सांगायला गेला, तर तो म्हणाला, "लाईट तो आ गई ना, भाई." मग त्याने कुणालाच सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला?

मला संताप आला. इतक्यांदा सांगूनही सेव्ह का केलं नाहीस, म्हणून मी फैलावर घेतलं. तेव्हा कुठे त्याने खरं कारण सांगितलं. त्यांच्या मशीनवर धाग्याची बॉबिन पूर्ण भरल्याशिवाय उतरवायची नसते. अर्धी उतरवली की ती वेस्टमध्ये जाते आणि सुपरवायझर सगळ्यांसमोर झापतो. इतकी वर्षं तेच हातात बसलेलं. "अर्धं काम जपून ठेवायचं असतं, हे मले खरंच वाटलं नाही मॅडम."

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि फार वाईट वाटलं. होळी तोंडावर आलेली, आणि त्याच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

आता लॅपटॉप बंद करायला हरकत नव्हती, म्हणून सुकदेव तो घेऊन क्लासला येऊ लागला. मी त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. दोन ओळी झाल्या की सेव्ह, आणि निघताना जे झालंय त्याचा फोटो गुड्डीला पाठवायचा. तो कचरला. "अर्धं कसं दाखवू?" मी म्हटलं, अर्धंच दाखव.

पहिल्या दिवशी पडद्यावर नुसती मुलगी उभी होती. लगेच फोन वाजला. "पप्पा, हिले पाय कोठे शेतस?" दुसऱ्या दिवशी पाय आले, तर वेणी हवी. फोन आता मम्मीकडे लवकर जाईना. होळीला कंपनीने सुट्टी नाकारली, त्या दिवशी गुड्डी म्हणाली, हिले शाळेत नका धाडू, तुमच्याकडे धाडा.

मग त्याने चिंचा पुसल्या आणि रस्ता काढला, बस काढली, कंपनीचं गेट, चाळीचा जिना आणि शेवटी स्वतःची खोली. एक खाट, शेगडी, दोरीवर एक शर्ट. क्लासमधूनच व्हिडिओ कॉल लावून त्याने ती मुलगी जिना चढवून खोलीत आणली.

"हाई तुमनी खोली शे का?"

"हां बेटा."

"तुम्ही कोठे शेतस?"

"मी ड्युटीवर."

"मंग आठे कोन शे?"

"कोनी नही."

गुड्डी फोनच्या अगदी जवळ आली. मग म्हणाली, "मंग तिले तठेच बसू द्या. तुम्ही येतस तवर."

एरवी क्लास सुटला तरी सुकदेव हलत नाही. मी शटर ओढायला घेते तेव्हा नाइलाजाने उठतो, कारण खोलीवर जाऊन करायचं काय हा प्रश्न असतो. त्या दिवशी अर्धा तास बाकी असतानाच त्याने वायर गुंडाळली.

"निघतो मॅडम," म्हणाला, "खोलीवर जातो."