लघुग्रह म्हटलं म्हणून

"लघु? जायचंय का तुला? वॉशरूम डावीकडे आहे."

माईक निनाद सरांच्या हातात होता. अंधेरीतल्या मोठ्या शाळेचा एसी हॉल, मुलांनी गच्च भरलेला. मी स्टेजवर, मागे पडद्यावर आकाशाचे फोटो. मी एवढंच सांगत होते की मंगळ आणि गुरूच्या मधे जे दगड फिरतात ते लघुग्रह. इंग्रजीतच बोलत होते. तो एकच शब्द तोंडातून मराठीत निघाला.

मुलांना आधी कळलंच नाही. मग सरांनी लघुशंका म्हणजे काय ते इंग्रजीत समजावून सांगितलं. नीट, सावकाश. मग अख्खा हॉल हसला. पहिल्या रांगेतल्या टीचरसुद्धा.

हा विनोद करायला मराठी यावं लागतं. सर मराठीच. मुलुंडचे. आईचा फोन आला की मराठीतच बोलतात. म्हणून जास्त झोंबलं. परका हसला असता तर म्हटलं असतं, जाऊ दे, त्याला काय कळतंय.

सर म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. कंपनी शाळाशाळांत जाऊन अवकाशविज्ञान शिकवते. मी तिथे शिकवणारी. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात माझं नावच पडलं. ए लघु, प्रोजेक्टर कुठेय. ए लघु, जेवायला येतेस ना. प्रेमाने हाक मारतो गं, चिडतेस काय एवढी, असं वर. अरे, मी फिजिक्स घेऊन एमएस्सी केलंय. दहिसरच्या चाळीत राहून, मराठी शाळेत शिकून. लघुग्रह हा शब्द विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर लिहिला तेव्हा वर्गात कोणी हसलं नव्हतं. मला तर त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. वर एवढे दगड मोकळे फिरतायत आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं! त्या शब्दानेच मला आकाशाचं वेड लावलं. आणि आता तोच शब्द मला शिवीसारखा चिकटवला होता. रात्री झोप लागेना. ताटावर बसले की उठावंसं वाटायचं.

मग दिंडोशीची शाळा आली. मराठी माध्यम, आठवीचा वर्ग.

अंधेरीच्या मुलांना आम्ही खरं काम द्यायचो. एका मोठ्या दुर्बिणीने आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने घेतलेले फोटो. एकामागून एक बघायचे. तारे जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका सरकताना दिसला, तर तो लघुग्रह असू शकतो. मुलं नोंद पाठवतात, शास्त्रज्ञ ती तपासतात. म्हणजे संशोधनच, शाळेच्या बाकावर बसून. दिंडोशीच्या मुलांसाठी मात्र सरांनी माझ्या हातात रंगवायचे कागद दिले. रॉकेट. खाली हसरा चंद्र.

मी विचारलं, यांना आकाशाचे फोटो का नाहीत? सर मोबाईलमधून वरसुद्धा बघेनात.

"त्यांना काय करायचंय गं? रंगवू दे, ग्रुप फोटो काढ, खूश होतात ती."

ती. माझ्या तोंडावर म्हणाले. मी त्या 'ती'मधलीच आहे हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

वर्गात कागद वाटले. साक्षी नावाच्या एका मुलीने तो उलटसुलट करून बघितला आणि बाकावर ठेवून दिला. आवाज चढवला नाही, काही नाही.

"ताई, आम्ही आठवीत आहोत. हे बालवाडीचं आहे ना?"

तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यावर नाही. मी सगळे कागद गोळा केले आणि लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून भिंतीवर आकाश लावलं. काय शोधायचं ते सांगितलं. लघुग्रह म्हटलं, चार वेळा म्हटलं. कोणी फिदीफिदी केलं नाही. काही मुलं बाकांवर चढून, काही भिंतीला नाक लावून बघत होती. एक ठिपका सरकला तसा गलका झाला. नीट तपासलं तर तो कॅमेऱ्याचा डाग निघाला. मला वाटलं, हिरमुसतील. साक्षी म्हणाली, हा बाद, पुढचे लावा.

सरांना ग्रुप फोटो मिळाला नाही, म्हणून सगळं कळलं. सोमवारी सगळ्यांसमोर उभं केलं. माल विचारल्याशिवाय वाटलास, माफी माग, म्हणाले. माल! ते फोटो फुकट आहेत. कुठल्याही शाळेने नाव नोंदवावं आणि घ्यावेत. तेच आम्ही आमचा शिक्का मारून मोठ्या शाळांना विकत होतो.

सर मग जरा मऊ झाले. "सॉरी म्हण आणि विषय संपव ना, लघु."

"मला नाव आहे. आणि मी सॉरी म्हणणार नाही."

बॅग उचलली आणि निघाले. घरी आईला सांगितलं. ती भांडी घासत होती. "मगे आता खातलंस काय?" नोकरी गेल्यावर खाणार काय, एवढंच तिने मालवणीत विचारलं, माझ्याकडे न बघता. आता शिकवण्या घेते, भागत नाही. कधीकधी वाटतं, वाट लावून घेतली आपण स्वतःची. मग अंग पुन्हा तापतं.

पण दिंडोशीच्या शाळेचं नाव मी नोंदवलंय. मुख्याध्यापकांची सही घेतली, मुलांची नावं घातली. दर शनिवारी जाते. अजून काही सापडलेलं नाही, नुसते डागच निघतायत. सापडो न सापडो, शोधायचा हक्क कोणाच्या मेहेरबानीचा नाही. दहिसरच्या माझ्या शाळेलाही विचारलंय. नाही म्हणाले तर पुन्हा जाईन. शिकवणार मराठीतच, शब्द बदलणार नाही. ज्याला हसायचंय त्याने बाहेर उभं राहून हसावं. आत आमचा तास चालू आहे.