दारेसलामचे तीन

डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत तीन घड्याळं आहेत. एक आमचं, एक मुलीच्या दारेसलामचं आणि एक मुलाच्या लेगॉसचं. दारेसलाम आपल्या अडीच तास मागे, लेगॉस साडेचार तास. आमच्याकडे दुपारची पानं घेतली की मुलगी ऑफिसात चहा पीत असते आणि मुलगा गाडीत अडकलेला असतो. लेगॉसची माणसं म्हणे ट्रॅफिकच्या भीतीने अंधारातच घर सोडतात. दारेसलामला कुणाला कसली घाईच नाही. तिथली जुनी माणसं तर तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. घड्याळात सकाळचे सात, तो त्यांचा एक. मुलीने हे सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले होते.

मागच्या वर्षी तिचं अपेंडिक्स अचानक दुखायला लागलं. जावई कामाला दुसऱ्या शहरात. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी तिला हॉस्पिटलात नेलं आणि तिच्याच फोनवरून मोडक्यातोडक्या इंग्रजीत आम्हाला कळवलं, उद्या तीन वाजता ऑपरेशन, काळजी करू नका.

ह्यांनी लगेच हिशोब केला. "त्यांचे तीन म्हणजे आपले साडेपाच. तू चारला देव पाण्यात ठेव."

ही आमच्या घरची रीत. कुणावर संकट आलं की देव्हाऱ्यातले देव ताम्हनात, पाण्यात ठेवायचे आणि संकट टळेपर्यंत बाहेर काढायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परळच्या बाजारातून जास्वंदीची फुलं घेऊन आले. घरी पोचले तेव्हा बारा वाजत आले होते. मुलीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, तरी बंदच. जावई परतीच्या बसमध्ये, त्यांचाही लागेना.

"ऑपरेशनला अजून इतका वेळ आहे, मग फोन बंद का?"

"अगो, झोपली असेल," हे म्हणाले. पण स्वतः फोन लावायचं काही थांबवेनात.

मी लेगॉसला मुलाला गाठलं. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट. "आई, साडेपाचला ना? मग उगाच काहीतरी मनात आणू नकोस."

मनात वाईट तेच येत होतं. रात्रीतच काही झालं असेल. परक्या मुलखात आम्हाला कळवणार तरी कोण? मी चारची वाट पाहिली नाही. देव पाण्यात ठेवताना बाळकृष्ण निसटून ताम्हनात आपटला.

बऱ्याच वेळाने जावयांचा फोन आला. "आई, मी पोचलो. ऑपरेशन सकाळीच झालं. बरी आहे ती."

"सकाळी? तीनला होतं ना?"

"त्या बाईंचे तीन, आई. म्हणजे सकाळचे नऊ."

म्हणजे आपले साडेअकरा. ह्यांनी डोळे पुसले. माझी नजर मात्र ताम्हनाकडे गेली.

संध्याकाळी मुलीचा बारीक आवाज ऐकला. "आई, फार घाबरले होते गं. भूल देताना म्हटलं, आत्ता आईने देव पाण्यात ठेवले असतील. मग डोळे मिटले."

"हो गं बाळा," मी म्हटलं.

तिला भूल देत होते त्या वेळी मी बाजारात फुलवालीच्या पाटीशी उभी होते. तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकून हसत होते.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "आता तरी देव काढ."

मला धीर झाला नाही. समोरच्या तिन्ही घड्याळांपैकी एकाचाही भरवसा वाटेना.