ताईने अडवलेली चार हजार पत्रकं

ताई जाऊन चार महिने झाले. भेटायला आलेले लोक म्हणाले, कम्प्युटरवर काहीतरी करायची ना ती? काहीतरी! माझं डोकंच फिरलं. मी सातवीपर्यंत शिकले, पडदे शिवते, पण माझी मोठी बहीण काय करायची ते मला माहितीये. म्हणून लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्या.

औषधाच्या खोक्यात घडी घातलेलं पत्रक असतं ना, बारीक अक्षरांचं, कुणी वाचत नाही ते, ती पत्रकं ताईच्या ऑफिसात तयार व्हायची. कम्प्युटरमध्ये ती उघडीवाघडीच ठेवलेली असतात, हा ताईचाच शब्द. म्हणजे मजकुराला नुसती खूण, की हे औषधाचं नाव, हा डोस, ही सूचना. अक्षर जाड की बारीक, रकाने किती, ते तिथे नसतं. ते वेगळं लिहिलेलं, त्याला स्टाइलशीट म्हणतात. कुठली खूण आली की कसं छापायचं याचे नियम.

आधी काय व्हायचं, एक जण कम्प्युटरमधल्या पत्रकांच्या साठ्याला प्रश्न विचारायचा, की लहान मुलांच्या औषधांची सगळी पत्रकं दे. तशी प्रश्न विचारायची भाषाच असते. मग ती पत्रकं बाहेर काढून ठेवायची. मग रिटायरला आलेले चष्मेकाका एकेक गठ्ठा स्टाइलशीटमधून काढायचे, नजर टाकायचे, पुढे द्यायचे. आठवडा जायचा. ताईने त्या प्रश्नाच्या आतच स्टाइलशीटला हाक मारायची सोय केली. प्रश्न विचारला की उत्तर कपडे घालूनच बाहेर. आठवड्याचं काम चहा होईपर्यंत! साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. चष्मेकाकांना दुसरं टेबल मिळालं. जाताना म्हणाले, "बाई, मला पार रिकामटेकडा केलात की." सगळे हसले, ताई पण.

दोन महिन्यांनी मोठी खेप आली. चार हजार पत्रकं, शुक्रवारी सकाळी छापखान्यात जायची. गुरुवारी दुपारी ताईने सहज एक उघडून बघितलं. तापाचं औषध. लहान मुलांना ५ मिली, मोठ्यांना १० मिली असं पाहिजे. तिथे होतं ५१०.

झालं असं की कुणीतरी त्या दोन रकान्यांसाठी नवीन खुणा घातल्या होत्या आणि स्टाइलशीटमध्ये त्यांचा नियमच नव्हता. नियम नसला तर ते ओरडत नाही हो. खूण टाकून देतं आणि आतला मजकूर तसाच सोडतं, एकाला एक चिकटून.

मला दुकानात फोन केला तिने. अजून दुकानात फोन वाजला की मला तीच वाटते.

मी म्हटलं, "एकच आहे ना? दुरुस्त कर आणि दे पाठवून."

"बुटके, एक मला दिसलं. बाकीची कुणी बघितलीत?"

"मग चूक खुणा घालणाऱ्याची. तू कशाला मरतेस?"

"मध्ये एक माणूस बघत होता गं. त्याला मीच उठवलं."

"आत्ता कुठे तुझं नाव झालंय ताई, गप्प बस."

गप्प बसेल ती कसली! सरळ साहेबांच्या खोलीत गेली आणि चूक माझी म्हणाली. साहेब भडकले. म्हणाले, चार-पाच बघा आणि पाठवा, छापखाना आपल्यासाठी थांबणार नाही.

"छपाईच्या कागदावर मी सही करणार नाही साहेब."

"दुसरं कुणी करेल."

"करू दे. पण मी नको म्हटलं होतं ते लिहून घ्या."

साहेबांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. म्हणाले, उद्या दुपारपर्यंत, त्यापुढे एक मिनिट नाही.

आता चार हजार पत्रकं कोण वाचणार? इथे तिची अक्कल बघा. ते स्टाइलशीट पण तसल्याच खुणांनी लिहिलेलं असतं, म्हणजे त्यालाही प्रश्न विचारता येतो. तिने साठ्याला विचारलं, तुझ्यात खुणा कुठल्या कुठल्या? स्टाइलशीटला विचारलं, तुझ्याकडे नियम कुणाकुणाचे? दोन्ही याद्या समोरासमोर धरल्या. अकरा खुणा वाऱ्यावर!

मग ती चष्मेकाकांच्या टेबलाशी गेली. "काका, माझं चुकलं. या ना."

काका म्हणाले, "मला वाटलं, तुमच्या यंत्राला डोळे फुटलेत."

"नाही फुटले. म्हणून तर आले."

बसले दोघं. अकरातल्या नऊ बिनकामाच्या निघाल्या, दोन डोसच्या. त्रेचाळीस पत्रकांत होत्या त्या. त्रेचाळीस! कुणाच्या घरात गेली असती ती?

अकराही खुणांचे नियम लिहून झाले तरी ती थांबली नाही. सगळ्यात शेवटी आणखी एक नियम घातला, की ज्या खुणेला नियम नाही ती आली तर काम तिथेच बंद, आणि खुणेचं नाव पडद्यावर. ऑफिसातले नंतर कुरकुरायचे, तुमचं सारखं अडतं म्हणून. ती म्हणायची, अडलं की मला बोलवा, मी आहे.

शुक्रवारी सकाळी सगळी पत्रकं परत चालवली. कुठे अडलं नाही. काकांनी ती त्रेचाळीस पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. साहेबांनी कागद पुढे केला. ताईने सही केली आणि कागद काकांकडे सरकवला.

साहेब म्हणाले, "जागा एकाच सहीची आहे."

"मग समासात करतील," ताई म्हणाली.

काकांनी खिशातून पेन काढलं, चष्मा पुसला आणि समासात सही केली.