शंभरापासून माघारी

मोठ्या बाई ‘उलट’ हा शब्द उच्चारत नसत. शाळेत हा शब्द टाळून दिवस काढायचा म्हणजे काय कसरत असते, ते प्राथमिकला शिकवणाऱ्यालाच कळेल. उलट अर्थाचे शब्द, उलटा क्रम, उलट उजळणी. दर चौथ्या पानावर तो बसलेलाच. बाई त्याला बरोबर वळसा घालायच्या. पोरानं सदरा उलटा घातला तर म्हणायच्या, “फिरवून घाल रे.” आणि शंभरापासून एकापर्यंत म्हणायचं असलं की, “हां, आता माघारी मोजा.” आमची पोरं पाचवीला अंथुर्ण्याला गेली की तिथंही “माघारी मोजू का, सर?” असं विचारायची आणि सगळा वर्ग हसायचा. मला आधी वाटलं, इकडचा शब्दच असेल. मी नवी होते, मीही ‘माघारी’ म्हणायला लागले.

शाळा म्हणजे अंथुर्ण्याच्या पुढं, उसात शिरलेल्या एका वस्तीवरच्या दोन खोल्या. शिक्षक दोनच. त्या मुख्याध्यापिका म्हणून मोठ्या बाई, मी धाकट्या बाई. दोघीही बारामतीहून सकाळच्या एसटीनं यायचो. बाई वयानं माझ्या आईएवढ्या, अंगानं सडपातळ आणि जिभेनं तिखट. एकदा तांदळाच्या पोत्यामागं धामण निघाली तेव्हा मी टेबलावर चढून ओरडत होते आणि बाई खराट्यानं तिला वाट दाखवत होत्या. “उंदीर खायला आलीय बिचारी. तू उतर खाली, टेबल मोडेल.” एकदा एक बाप भरदुपारी पिऊन शिव्या देत आला. बाईंनी त्याला दंडाला धरून पहिलीच्या रांगेत बसवला आणि पुढ्यात पाटी ठेवली. “बसा हितं. अ काढा.” त्यानं खरंच अ काढला हो! मला वाटायचं, ही बाई यमालाही हजेरी द्यायला लावेल.

माझ्या पहिल्याच डिसेंबरात पहिलीतला एक मुलगा पोट धरून उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, वकारी येतीय.” मोठ्या बाईंच्या हातातला खडू खाली पडला. चेहरा पांढराफटक. त्या बाहेर गेल्या, पटांगण ओलांडलं आणि विहिरीच्या कठड्यापाशी पाठ करून उभ्या राहिल्या. मी त्या पोराचं कपाळ धरलं, तोंड धुतलं, माती टाकली, फरशी पुसली. मग रागानं फणफणत विहिरीपाशी गेले. “अहो बाई, हे काय? पोरगं केवढं घाबरलं!” त्यांचे दात वाजत होते. म्हणाल्या, “मला मरण चालेल गं. पण हे नाही. माझं नाही आणि दुसऱ्याचंही नाही.”

मी हसले. खोटं कशाला बोलू, मला हसूच आलं. बाईंनीही ते पाहिलं. “हस. ह्याला सगळे हसतात. म्हणून मी कुणाला सांगत नाही.” मी विचारलं, लहानपणी काही झालं होतं का? तर म्हणाल्या, “कारण सापडलं असतं तर धरून बडवलं नसतं का मी त्याला? नाहीच काही कारण. आहे ते असंच आहे.”

त्या दिवशी आमचं ठरलं. ज्या पोराला ‘कसंतरी’ होईल ते थेट माझ्या खोलीत यायचं, मग वर्ग कुणाचाही असो. बदल्यात बाई माझी सगळी रजिस्टरं लिहायच्या. पोरांनाही ते इतकं अंगवळणी पडलं, की पोट दुखलं की ती आपोआप माझ्या दाराशी येऊन उभी राहायची.

दिवाळीची सुट्टी संपली, की बाईंचा सीझन सुरू व्हायचा. कारखान्याचं धुराडं दिसायला लागलं, सकाळच्या धुक्यात मळीचा आंबूस वास आला, की म्हणायच्या, “पेटला बॉयलर. आता होळीपर्यंत माझं काही खरं नाही.” थंडीत पोटाच्या साथी येतात, हे त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त पाठ होतं. सकाळी दारात उभ्या राहून एकेका पोराला विचारायच्या, “रात्री जेवलास का? काय खाल्लंस? झोप लागली?” लोकांना वाटायचं, केवढी माया! माया होतीच, पण त्या तोंडं वाचत असायच्या. कोण पिवळं दिसतंय, कोण घटाघटा पाणी पितंय. खिचडीची चव पोरांआधी शिक्षकानं घ्यायची असते. ती मी घ्यायचे आणि वहीत सही त्या करायच्या. हुरड्याला कुणी बोलावलं तर उपास. संक्रांतीला पोरांनी दिलेला तिळगूळ हसून घ्यायच्या आणि रुमालात बांधून ठेवायच्या. एसटीत चालकाच्या मागची जागा धरायच्या, पदराखाली लिंबू, आणि शेजारी कोणी बसलं की पहिला प्रश्न, “गाडी लागते का हो तुम्हाला?” हात धुवून धुवून बोटांना भेगा पडलेल्या. मनात सतत आकडे चाललेले. “शंभरापासून माघारी आले ना, की तेवढा वेळ टळतो,” त्या मला एकदा म्हणाल्या. “एकाला पोचले आणि काही झालं नाही, की परत शंभर.”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लग्नात जेवत नाहीत, प्रवासाला नाही म्हणतात, आजाऱ्याला भेटायला येत नाहीत, आणि आपण त्यांना शिष्ट म्हणून मोकळे होतो. आत काय चाललंय ते कुणाला दिसतं?

तिसऱ्या हिवाळ्यात मला दिवस गेले. आणि कसले? सकाळी उठल्यापासून नुसत्या ओकाऱ्या. आता बघा गंमत! दोन वर्षं त्यांची पहारेकरीण म्हणून मी मिरवले आणि आता मीच ती, जिच्यापासून त्यांना जपायचं. मी लपवायला लागले. शाळेमागच्या बोअरवर जायचे, आवाज जाऊ नये म्हणून मोटर सुरू करायचे. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, “पाणी फार लागतं गं तुला हल्ली.” त्या दिवशी एसटीत त्या माझ्यापासून चार बाकं पुढं बसल्या.

बारामतीच्या स्टँडवर उतरल्यावर मात्र थांबल्या, पाच पावलं अंतर ठेवून. म्हणाल्या, “मला मूल का नाही, असं तू कधी विचारलं नाहीस. बरं केलंस. लग्न झालं त्याच वर्षी मी ह्यांना सांगितलं, मला ते महिने जमायचे नाहीत. कशामुळं तेही सांगितलं. हे म्हणाले, बरं. पुन्हा विषय काढला नाही त्यांनी, जाईपर्यंत. लोक मला वांझ म्हणाले. मी म्हणू दिलं.” एवढं बोलून त्यांनी पदर सावरला. “तू रजा घे. घरी पडून राहा.” ते माझ्यासाठी म्हणाल्या की स्वतःसाठी, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मी म्हटलं, पोरांना काही झालं तर? म्हणाल्या, “निभावीन.”

दुसऱ्याच आठवड्यात वस्तीवर साथ आली. सकाळी सातला बाईंचा फोन. त्यांनी कधी कुणाकडं काही मागितलं नव्हतं. “कालपासून चार पोरं घरी आहेत गं. आजचा दिवस येशील? काही करू नकोस, नुसती बसून राहा.” मी म्हटलं, “अकरापर्यंत पोचते, बाई.” पेज प्यायले, जरा बरं वाटलं, म्हणून पाच मिनिटं आडवी झाले. डोळा लागला तो साडेबारालाच उघडला.

शाळेत पोचायला दोन वाजले. झालं ते मी ऐकलं, थोडं बाईंकडून, थोडं खिचडीच्या मावशींकडून. पहिलीत दुर्गा नावाची एक मुलगी होती, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली, सहा वर्षांची. ती सवयीनं माझ्या दाराशी गेली. माझी खोली बंद. परत येऊन मोठ्या बाईंच्या टेबलाजवळच तिला उलटी झाली, मग आणखी एक, मग आणखी. बाई बाहेर पळाल्या आणि पळता पळता त्यांनी दार ओढून बाहेरून कडी घातली. आत सगळी पोरं, “मोठ्या बाई, मोठ्या बाई” करत दार वाजवणारी. बाईंनी बाहेरून ओरडून सांगितलं, “शंभरापासून माघारी मोजा.”

पोरं गुणी. त्यांनी मोजलं. एकापर्यंत आली, बाहेरून काही आवाज नाही, म्हणून परत शंभरापासून सुरू केलं. मावशी मला सांगत होत्या, “म्या डाळ धुवून आले, तर दाराला भायेरून कडी! आत पोरं आपली नव्वद, एकोणनव्वद करत्यात. आन् बाई लिंबाखाली उभ्या, डोळं मिटून. त्याबी मोजत हुत्या.” मावशींनी कडी काढली. चौथीतल्या पोरींनी कोपऱ्यातल्या घमेल्यातली माती टाकून ठेवली होती आणि दुर्गाला पोत्यावर निजवलं होतं. बाई मला म्हणाल्या, “पहिल्या खेपेला तिचाही आवाज येत होता. बासष्टपर्यंत. मग नाही आला.”

मी पोचले तेव्हा दुर्गाची आई तिला लुगड्यात गुंडाळून घेऊन गेली होती. बाई रिकाम्या वर्गात बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी विचारलं, “का नाही आलीस?” मी म्हटलं, “एसटी चुकली, बाई.” त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई टोळीच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांवर गेल्या तर तिथं नुसत्या चुली राहिल्या होत्या. फड संपला, टोळी हलली. कुठं ते कुणाला ठाऊक नाही, मुकादमाचा फोन लागेना. आणि आठ दिवसांनी कुणीतरी सहज बोलून गेलं, “वरकुट्याकडं टोळीतलं एक पोर गेलं म्हणं, ढाळ-वांतीनं.” मुलगा की मुलगी, सांगणाऱ्याला माहीत नव्हतं. बाईंनी त्याला चार वेळा विचारलं.

त्या संध्याकाळी त्यांनी शाळेच्या लॉगबुकात सगळं लिहिलं. कोणती तारीख, कोणती मुलगी, ‘तिला उलट्या होत असताना मी वर्गाला बाहेरून कडी लावली व पाऊण तास उभी राहिले.’ तो शब्द त्यांच्या अक्षरात मी पहिल्यांदा पाहिला. केंद्रप्रमुख वाचून वैतागले. “बाई, हे कुणी लिहितं का? पान बदला.” बाई म्हणाल्या, “बदलायचं नाही.” पुढं कुणी काही विचारलंही नाही. वस्तीनंही मनावर घेतलं नाही. वैशाखात बाई वयानं निवृत्त झाल्या, मी नारळ आणि शाल दिली आणि त्या सरळ मोरगावला भावाकडं राहायला गेल्या.

पण धुराडं पेटलं, की त्या यायच्या. ज्या दिवसांत त्या एरवी शाळेपलीकडं कुठं जात नसत, त्याच दिवसांत मोरगावहून एसटी धरून यायच्या आणि कोप्याकोप्यांतून फिरायच्या. रविवारी मी माझी लेक सासूबाईंकडं ठेवून त्यांना स्कुटीवर न्यायचे. माझ्या लेकीला त्यांनी कधी घेतलं नाही, उंबऱ्यातूनच बघायच्या, दूध टाकेल म्हणून. आणि तीच बाई त्या कोप्यांत शिरायची, जिथं दर तिसरं पोर शेंबडं, आजारी. ओठ हलत असायचे. “दुर्गा नावाची मुलगी आहे का हो तुमच्यात? अंथुर्ण्याकडं होतात का कधी?” मी एकदा म्हटलं, “बाई, पुरे आता.” तर म्हणाल्या, “ती आहे एवढं कळलं, की थांबते.”

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात सापडली. वरकुट्याच्या शिवारात. भांडी घासत होती, उंच झालेली, केस तेलानं चापून बसवलेले. बाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि तिथंच बांधावर बसल्या. दुर्गाच्या आईनं ओळखलं, कोरा चहा आणून दिला. बाईंनी कप दोन्ही हातांत धरून ठेवला. पिववेना. शेवटी मीच हळूच घेतला आणि प्यायले.

मग बाईंनी दुर्गाला जवळ बोलावलं आणि सगळं सांगितलं. तू आजारी होतीस, मी दार लावलं, मी आत आले नाही. दुर्गानं आईकडं पाहिलं, परत बाईंकडं पाहिलं. “कंची शाळा?” तिच्या एवढ्याशा आयुष्यात शाळा किती झाल्या होत्या, देव जाणे. “मला न्हाय ध्यानात, बाई.” आई म्हणाली, “जाऊंद्या हो. हितं आमाला बगून लई जण दार लावत्यात. कुणाकुणाचं ध्यानात ठिवायचं?” ती हे रागानं म्हणाली नाही. म्हणून तर जास्त लागलं.

परतताना बाई माझ्या खांद्याला धरून मागं बसल्या होत्या. मला वाटलं, आता सुटल्या. मुलगी जिवंत आहे, आणखी काय हवं? वाटेत म्हणाल्या, “तिला आठवतच नाही गं. आता माफ कोण करणार? म्हणजे ते माझ्या एकटीकडंच राहिलं.” तेव्हा सांगायचं होतं मला. बाई, तुम्ही मला बोलावलं होतं. मी झोपले होते. निम्मं माझं आहे. जीभ उचलली होती मी. पण म्हटलं काय, तर, “थंडी वाजतेय का, बाई?”

पुढच्या चैत्रात बाई गेल्या. हृदय बंद पडलं, बसल्या जागी. मी दहाव्याला मोरगावला गेले. त्यांचे भाऊ, तात्या, मला ओसरीवर बसवून पाणी द्यायला स्वतः उठले. म्हणाले, “तुमीच धाकट्या बाई ना? तुमचं लई नाव काढायची. आमी कधी म्हटलं, अगं, दुसरी बाई कुठं हुती त्या दिवशी, तर आमच्यावरच खेकसायची. म्हणायची, तिला बोल लावू नका. तिची यष्टी चुकली हुती.” मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, “व्हय ना?”

मी म्हटलं, “हो, तात्या. चुकली होती.”