शेळीनं फाडलेलं शेडनेट अन् लाल माठ

शेडनेटवाल्यांनो, तुमचा लाल माठ लाल येतोय का? आमचा न्हाय आला.

आज सकाळी जळकोटच्या बाजारात नेहमी आमच्याकडून भाजी घेणाऱ्या काकूंनी जुडी उचलली अन् परत ठेवली. "हा कसला लाल माठ? हिरवा पडलाय की!"

घरी येऊन सांगितलं तर सासरे तडक उठले. "बियाणंवाल्यानं फसवलं. चल दुकानावर."

म्हणलं, "अब्बा, आधी वाफा बघू."

नेटखाली सगळा माठ फिका. फक्त शेळीनं जिथं नेट फाडलं होतं, त्या भोकाखाली पानं लालभडक! बी तेच, पाणी तेच. फरक उन्हाचा.

कडक ऊन, त्यातही अतिनील किरणं पानांना इजा करतात. त्यातून वाचायला माठ हा लाल रंग जास्त तयार करतो. हा रंगच अँटिऑक्सिडंट, खाणाऱ्याच्याही कामाचा. आम्ही मायेनं लई दाट सावली केली, मग माठ कशाला रंग करत बसेल?

अब्बा भोकाकडं बघत राहिले. ते शिवायला त्यांनी कालच दाभण अन् सुतळी आणून ठेवली होती.

म्हणलं, "अब्बा, दाभण राहू द्या. कात्री आणा."